वापरलेली तार

तार चढवताना आईच्या हातून डाळिंबाची फांदी मोडली तेव्हा मुलगी शेजारच्याच स्टुलावर बसून तार सरळ करत होती. आवाज अगदी लहान झाला, पेन्सिलीचं टोक तुटावं तसा. आईने मोडलेल्या जागेकडे पाहिलं, पक्कड खाली ठेवली आणि हात धुवायला गेली.

उथळ कुंडीतलं ते हातभर उंचीचं बोन्साय मुलीपेक्षा वयाने मोठं होतं. आईने तांब्याच्या तारेने त्याला घडवलं होतं. फांदीभोवती तार गुंडाळायची, हवं तसं वाकवायचं, काही महिन्यांनी फांदीने वळण धरलं की तार उतरवायची. पण वर्षभरापासून तिचा उजवा हात थरथरत होता. गोळ्या चालू होत्या, फरक बेताचाच. मामाने लकडा लावला होता की तुझी सगळी बोन्साय झाडं माझ्या अंगणात आण, तू नुसती येऊन हुकूम सोड. त्यावर आईने त्याला सांगून ठेवलं होतं, की माझ्या हातून फांदी मोडली तर मी आपण होऊन झाडं देईन, तोवर विषय काढायचा नाही.

बारीक काम जमेना तर तिने निदान हँडल फिरवावं, म्हणून मुलीने यंत्र बनवलं होतं. फळीवर जुन्या बेअरिंगांची नागमोडी रांग आणि तार ओढायला हँडल म्हणून सायकलचं पेडल. झाडावरून उतरवलेली वेडीवाकडी तार एका बाजूने आत घातली की दुसरीकडून सुईसारखी सरळ बाहेर येई. पूर्वी जुनी तार भंगारात जायची, आता तीच पुन्हा पुन्हा वापरात येऊ लागली. मामा यंत्र बघून म्हणाला होता, "शास्त्रज्ञबाई, यातून माझी बायको काढता येईल का बघा, फार वाकड्यात बोलते." आईने मात्र दोन-चार दिवस पेडल फिरवलं आणि हे दळण तूच दळ म्हणून परत झाडाशी जाऊन बसली.

त्या संध्याकाळी आईने मामाला फोन केला. रविवारी टेम्पो घेऊन ये, म्हणाली. दुधाचा निरोप द्यावा इतक्या साध्या आवाजात.

मुलीच्या हातात त्या फांदीवर चढवून उरलेल्या जुन्या तारेचा तुकडा होता. चाळा म्हणून तिने तो पेन्सिलीला गुंडाळायला घेतला आणि थांबली. तार ऐकत नव्हती. मग रिळावरची नवी तार घेतली, ती मुकाट्याने वळली. जाडी तीच, धातू तोच. बेअरिंगांमधून दर फेरीला तांबं इकडेतिकडे वाकत होतं आणि प्रत्येक वाकण्याने आणखी कडक होत होतं. हे तिने परीक्षेत लिहिलेलं होतं. यंत्राच्या कौतुकात तिने फक्त सरळपणा पाहिला होता.

तिने आईला सगळं सांगितलं, फांदी तुझ्या थरथरीने नाही, कडक तारेला लागलेल्या जोराने मोडली. आई म्हणाली, "माझी समजूत घालू नकोस."

मग मुलगी हट्टालाच पेटली. वापरलेल्या तारेचे दोन तुकडे केले. एक गॅसवर लालसर होईतो तापवून पाण्यात बुडवला, तो सुतळीसारखा लोंबायला लागला. दिसण्यात फरक राहू नये म्हणून दोन्ही पॉलिश पेपरने घासले आणि आईला डोळे मिटायला लावलं. एकदा हातात घेतलं की तिची तिलाच खात्री पटेल, असा मुलीचा हिशेब होता.

आईने दोन्ही तुकडे बोटांत फिरवले. थोडे वाकवले. बराच वेळ घेतला. मग मऊ तुकडा पुढे केला. "ही कडक."

मुलीने तुकड्यांची अदलाबदल केली. आईने पुन्हा मऊच पुढे केला, या वेळी विचारल्यासारखा. मग आईने डोळे उघडले. पुढे केलेला तुकडा लोंबत होता, दुसरा ताठ होता.

"म्हणजे तार कडक होती हे खरं."

"हो. चूक माझी होती, आई."

"आणि मी ती हातात घेऊन फांदीवर चढवली, तरी मला कळलं नाही." तिने तुकडे टेबलावर ठेवले. "थरथर सगळ्यांना दिसते गं. बोटं बधिर झालीत ते दिवाळं मी कुणाला दाखवलं नव्हतं."

डॉक्टरांनाही नाही? मुलीने विचारलं. आईने नकारार्थी मान हलवली. मुलगी म्हणाली, उद्या जाऊया. आई म्हणाली, जाऊ.

मग मुलीने विचारलं, मामाला येऊ नको म्हणून सांगू का? तार वळवायची ती मी वळवेन, तू नुसती सांग.

"एवढ्या सगळ्या झाडांचं तुला नाही झेपणार, मला नुसतं सांगत बसणं नाही झेपणार. टेम्पो येऊ दे." आई डाळिंबाकडे बघत राहिली. "हे तेवढं राहू दे. मामाला मी बघते."

तिने मुलीचा अंगठा धरून मोडलेल्या फांदीखालच्या दुसऱ्या फांदीवर टेकवला. हळू दाब, म्हणाली. मुलीने दाबलं.

"अगं, दाराची कडी आहे का ती? हळू. लाकूड आतून ताणतंय ते लागतंय का बोटाला?"

"लागतंय."

"कसं लागतंय ते सांग."

मुलीने पुन्हा एकदा हळू दाबून पाहिलं. आई तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली.