वीस प्रश्न, पंचवीस मिनिटं

घरात एकूण दोनशे चौदा चिठ्ठ्या होत्या आणि त्यातली एकही आईच्या मर्जीने लावलेली नव्हती. दारावर ‘मुन’, खिडकीवर ‘छांगमुन’, खुर्चीच्या पाठीवर ‘उइजा’, पाण्याच्या पिंपावर ‘मुल’. सगळं कोरियन लिपीत, निळ्या पेनाने, रेडिओच्या टपोऱ्या अक्षरात. रेडिओ म्हणजे घरातली एकुलती एक लेक, वय वर्षं पंधरा. सकाळी एकदा सुरू झाली की झोपेपर्यंत बंद होत नाही म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. मालिका बघता बघता तिने ती लिपी कुणाच्याही मदतीशिवाय शिकून घेतली होती, आणि आता चक्क स्वतःच्या बापाची मास्तरीण झाली होती.

“एक माझ्या कपाळावर पण चिकटव,” आई शिलाई मशीनवरून म्हणायची. “तेवढंच राहिलंय.”

बाबा वेल्डर. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या कारखान्याला कुलूप लागलं. कोरियात जहाजं बांधण्याच्या कामावर माणसं घेत होते, पण त्याआधी भाषेची परीक्षा होती आणि ती चाळिशीच्या आत द्यायची होती. परीक्षेच्या पुढच्याच महिन्यात बाबांना चाळीस वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे ही परीक्षा पहिली आणि तीच शेवटची.

रोज संध्याकाळी रेडिओ पट्टी घेऊन घरभर फिरायची. पट्टी दारावर आपटली की बाबा म्हणायचे, “मुन.” पिंपावर आपटली की, “मुल.” दोनशे चौदापैकी दोनशे दहा! शाळेत तिने मैत्रिणींना सांगून टाकलं, “आमचे बाबा पास झालेच म्हणून समजा.”

परीक्षेला तीन आठवडे उरले तेव्हा, एका रविवारी दुपारी, तिने सरावाची प्रश्नपत्रिका काढली. वाचनाचे वीस प्रश्न, वेळ पंचवीस मिनिटं. मोबाइलवर वेळ लावली आणि समोर मांडी घालून बसली.

बाबांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. एक अक्षर जोडलं, थांबले. दुसरं जोडलं, थांबले. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात हातातून निसटलेली, मग पुन्हा मागे. वेळ संपली तेव्हा सात प्रश्न झाले होते आणि त्यातले पाच चुकले होते.

“बाबा, अहो हा शब्द!” रेडिओचा आवाज चढला. “हा तुम्ही रोज वाचता! इतका सोपा शब्द येत नाही?”

बाबा कागदाकडे नुसते बघत राहिले. तिने रागाने दाराकडे बोट केलं.

“हां, मुन,” बाबा लगेच म्हणाले.

रेडिओ उठली, खुर्चीवरची चिठ्ठी काढून तळहातावर ठेवली आणि त्यांच्यासमोर धरली. बाबांनी ती उलटसुलट पाहिली. नाही आली. पिंपावरची आणली. तीही नाही. दोन महिने बाबा चिठ्ठ्या वाचतच नव्हते. ते दार बघत होते, पिंप बघत होते.

“मग काय उपयोग!” ती ओरडली. “सगळं पाण्यात गेलं!”

बाबा उठले. चप्पल घालून बाहेर पडले.

आईने मशीन थांबवलं. “बाप आहे तो तुझा. आणि तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतंय, काय पाण्यात गेलंय ते. गेले चार महिने तो माणूस माझ्याकडे नजर वर करून बघत नाही. तुझ्यासमोर तेवढा मान वर करून बसायचा.”

रेडिओ दारात जाऊन उभी राहिली.

बाबा तासाभराने आले. ती दारातच उभी होती.

“चूक माझी होती,” ती म्हणाली. “चिठ्ठ्यांची कल्पना माझी होती.”

“कल्पना वाईट नव्हती गं. तपासायला चुकलो आपण.” ते पायरीवर टेकले. “लोखंडाचा जोड लाल असताना सगळ्यांना पक्काच वाटतो. खरी भेग दिसते थंड झाल्यावर, कधी कधी दोन दिवसांनी. आपण रोज गरम गरम बघत होतो आणि खूश होत होतो.”

“मग थंड झाल्यावर बघू,” रेडिओ म्हणाली.

“आणि मी वाचतो ते काय? नुसते वेल्डिंगचे टाके. टाका मार, थांब, टाका मार, थांब. असा हात उचलत राहिलो असतो तर फोरमनने दुसऱ्या दिवशी हाकललं असतं. जोडाची रेघ एका दमात ओढायला पाहिजे.”

त्याच दिवशी सगळ्या चिठ्ठ्या निघाल्या. प्रत्येक शब्द वहीत गेला, पण एकटा नाही, एका छोट्या वाक्यात. त्याची परीक्षा शिकल्या दिवशी घ्यायचीच नाही. दोन दिवसांनी घ्यायची, मग आठवड्याने, आणि दर वेळी वेगळ्या जागी: जिन्यात, बसथांब्यावर, कपडे वाळत घालताना. चुकलेला शब्द पुन्हा पहिल्या पानावर.

वाचनासाठी रोज चार ओळींचा एकच उतारा, सलग तीन वेळा. बोट ठेवायचं नाही, मागे जायचं नाही, अडलं तरी पुढे सरकायचं. यातला सगळ्यात अवघड भाग रेडिओच्या वाट्याला आला होता, गप्प बसणं. बाबा ‘धोका’ या शब्दापाशी अडखळले की तिची जीभ वळवळायची. ती ओठ दाबून घड्याळाकडे बघत राहायची.

पहिल्या दिवशी दोन मिनिटं दहा सेकंद. चौथ्या दिवशी दीड मिनिट. दहाव्या दिवशी पुन्हा दोन मिनिटं, कारण उतारा अवघड होता आणि बाबांचं डोकं दुखत होतं. त्या दिवशी ते वही मिटून म्हणाले, “माझ्याच्याने नाही व्हायचं.” तिने वही उघडून दिली नाही, फक्त शेजारी बसून राहिली. थोड्या वेळाने त्यांनीच उघडली.

परीक्षेच्या चार दिवस आधीचा उतारा म्हणजे कामगारांच्या खोल्यांबाहेरची सूचना होती. बाबा वाचायला लागले आणि थांबलेच नाहीत. सुतासारखं सरळ, एका दमात, चाळीस सेकंदांत.

रेडिओ टाळी वाजवणार होती. बाबांच्या चेहऱ्याकडे बघून तिचे हात तिथेच राहिले.

“काय लिहिलंय?” आईने विचारलं.

“एका खोलीत चौघं,” बाबा म्हणाले. “बाहेरच्या माणसाला मुक्कामाची परवानगी नाही. घरच्यांनाही नाही.”

इतके दिवस ती वाक्यं म्हणजे नुसते डोंगर होते, चढले की झालं. आता त्यांच्यातून पलीकडचं दिसायला लागलं होतं. आपण बाबांना नक्की काय शिकवतोय, हे रेडिओला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. तिला वाटलं, म्हणावं, राहू दे, नका देऊ परीक्षा. जिभेच्या टोकावर आलं होतं.

“प्रश्न काय आहे?” बाबांनीच विचारलं.

तिने प्रश्न वाचला. बाबांनी उत्तर सांगितलं. बरोबर होतं.

परीक्षेत त्यांचे वाचनाचे अठरा प्रश्न झाले, दोन राहिले. निकाल लागला त्या दुपारी यादीत स्वतःचा क्रमांक त्यांनीच शोधला आणि घरी येऊन आईला सांगितला, सरळ तिच्याकडे बघून. आई “बरं झालं” म्हणाली आणि बराच वेळ सुईत दोरा ओवत बसली.

जायला अडीच महिने होते. संध्याकाळी बाबा वही घेऊन रेडिओसमोर बसले.

“आता कशाला? पास झालात की.”

“वाचून काम होईल. बोलायला तिथे तू थोडीच असणार आहेस?” त्यांनी कोरं पान काढलं. “मला सांग, ‘मला घरी फोन करायचा आहे’ हे कसं म्हणायचं?”

रेडिओला ते येत होतं. तिने सांगितलं, एकदाच, सावकाश. बाबांनी लिहून घेतलं नाही. मान खाली घालून मनातल्या मनात म्हणाले, मग मोठ्याने, मधे कुठेही न थांबता.

“बरोबर?”

तिने मान डोलावली.

“आज नको तपासूस,” बाबा म्हणाले. “परवा विचार.”