सीनेपलीकडचं माहेर

धम्मप्रिया उपअभियंता म्हणून मोहोळला रुजू झाली, तेव्हा तिने नवऱ्याला सांगितलं होतं, "वर्षभर काढते, मग बदली मागते." सिद्धांत गोंदियाला कॉलेजात शिकवायचा. मुलगी पायल तेव्हा नुकती धरून धरून चालायला लागली होती. सासूबाई गोंदियालाच असल्यामुळे पायल तिकडेच राहिली. आता पायल पहिलीत होती, आणि धम्मप्रिया अजून मोहोळच्या भाड्याच्या दोन खोल्यांत.

मध्ये अडकला होता तो सीना नदीवर व्हायचा पूल.

नदीच्या अलीकडे डोहवाडी, मोहोळ तालुक्यात. पलीकडे आष्टवाडी, माढा तालुक्यात. उन्हाळ्यात माणसं पात्रातून चालत जायची. पण खालच्या अंगाच्या बंधाऱ्याला दारं घातली की पाणी फुगायचं, आणि समोर दिसणाऱ्या गावाला जायला मोहोळ, मोडनिंब असा हायवेने मोठा वळसा पडायचा. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असो नाहीतर पोरांना हायस्कूलला जायचं असो, पाणी उतरायची वाट बघायची.

पूल सगळ्यांनाच हवा होता. अडचण अशी की तो एकाच्या हातातला नव्हता. गावं दोन तालुक्यांत, म्हणून दोन पंचायत समित्या. जोडरस्ते जिल्हा परिषदेचे. पाणी पाटबंधारे खात्याचं. जमीन महसूलची. पैसा थोडा राज्याचा, थोडा दिल्लीचा, आणि शेवटची मंजुरी मंत्रालयातून. प्रत्येक जण चांगलं बोलायचा. "आमची काहीच हरकत नाही मॅडम. आधी त्यांचं पत्र आणा." 'त्यांच्याकडे' गेलं की तेही हेच म्हणायचे.

धम्मप्रियाने शेवटी पत्रं पाठवणं कमी केलं आणि माणसांना भेटायला लागली. सोलापूरला पाटबंधारेचे महादेवप्पा म्हणून साहेब होते. अक्कलकोटकडचे, बोलता बोलता मध्येच कानडीत शिरणारे. तिने त्यांना एवढंच विचारलं, "सर, तुम्ही ती जागा पाहिलीय का?"

"नकाशावर पाहिलीय."

"मग एकदा या ना. सगळ्यांनाच बोलावते."

त्या संयुक्त पाहणीसाठी दोन्ही तालुक्यांचे अधिकारी एकाच दिवशी नदीवर आले. वर्षानुवर्षं एकमेकांना पत्रं लिहिणारी माणसं पहिल्यांदाच समोरासमोर भेटत होती. महादेवप्पांनी स्वतः खडकावरची पुराची खूण पाहिली, म्हाताऱ्यांना विचारून खात्री केली. पूल थोडा उंच घ्यावा लागेल म्हणाले, आणि त्या अटीवर तिथेच, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. बाकीच्यांनीही केल्या. डोहवाडीच्या सरपंच शिवबाई सगळ्यांना चहा देत होत्या. धम्मप्रियाला वाटलं, झालं. आता फक्त मुंबई.

तेवढ्यात एक उंच, वाळका म्हातारा पुढे आला. काठावरच्या उंचवट्यावर, जिथे जोडरस्त्याच्या खुंट्या मारल्या होत्या, तिथे जाऊन उभा राहिला.

"हितनं रस्ता न्हाय जायचा," तो म्हणाला.

हे सयाजीबापू. ती पट्टी त्यांची. शेजारी ऊस उभा होता, पण तेवढ्या पट्टीत नांगर लागलेला नव्हता. तहसीलचे साहेब समजुतीने म्हणाले, "मोबदला मिळेल बापू."

"पैशाचं न्हाय सायब." आणि ते खुंटीपाशी तसेच उभे राहिले.

सक्तीने जमीन घ्यायची म्हटलं तर ते प्रकरण किती चालेल, हे सगळ्यांना माहीत होतं. गाड्या एकामागोमाग एक निघून गेल्या.

त्याच आठवड्यात तिची बदली झाली. पती-पत्नी एकत्रीकरण, गोंदिया. ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली तो कागद तिने टेबलावर सरळ करून ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग सिद्धांतला फोन लावला.

तो आनंदाने म्हणाला, "कधी निघतेस?"

"सिद्धांत, मंजुरी येईपर्यंत थांबू का? आत्ता सोडलं तर नवा माणूस येईल, त्याला सगळं पहिल्यापासून..."

"तू थांबशील हे मला माहीत होतं," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. "एक सांगू? पायल पूर्वी रोज विचारायची, आई कधी येणार. आता विचारत नाही."

दुसऱ्या दिवशी ती ऑफिस सुटल्यावर एकटीच डोहवाडीला गेली. सयाजीबापू त्या पट्टीवर दगडावर बसले होते. त्यांना काय सांगायचं हे तिने वाटेत ठरवलं होतं, पण उन्हं उतरली होती आणि ती पायलच्या फोनची वेळ होती. फोन वाजला. ती जरा बाजूला गेली.

पडद्यावर पायलचा चेहरा आला. "हा बघ, दात पडला," म्हणत तिने तोंड उघडलं आणि चित्र तसंच गोठलं. मग फोन कटला. पुन्हा लावला, लागला नाही. धम्मप्रिया काळ्या पडद्याकडे बघत उभी राहिली.

"लेक का?" बापूंनी विचारलं.

"हो."

"कुटं असती?"

"गोंदियाला. वडिलांकडे."

बापू तिच्याकडे बघत होते. "वच्छला बी अशीच हुबी ऱ्हायची," ते म्हणाले. "माजी मंडळी. ती आष्टवाडीची. त्या चिंचंमागं पत्रा दिसतोय न्हवं, ते तिचं माहेर. सांच्याला हितं यायची. तितल्या चुलीचा धूर दिसला की म्हणायची, आई भाकरी करतीया. मग घरात जाऊन सैपाकाला लागायची."

धम्मप्रिया शेजारच्या दगडावर बसली.

"तिची आई गेली तवा नदीला पाणी हुतं. सांगावा आला, पण वळसा घालून जाईस्तवर उशीर झाला आसता. तिनं हितनं बघितलं सगळं. पल्याड काठावर जाळ दिसत हुता. रडली न्हाय. नुसती बघत हुती." बापूंनी हाताने जमीन चाचपली. "ती गेल्यापासनं मी हितं नांगर घातला न्हाय. हितं बसलो की ती हाय, असं वाटतंय. तुमचा रस्ता हिच्यावरनंच जातोय की."

पाण्यावर बगळे उतरत होते. पलीकडे कुणीतरी म्हशींना हाका मारत होतं.

"रस्ता वरच्या अंगाला सरकवता येईल," ती शेवटी म्हणाली. "पण मग नकाशा बदलेल. सगळे कागद पुन्हा सगळ्या ऑफिसांतून फिरतील."

"किती दिस?"

"वर्ष तरी. जास्तही."

"आन तवर तुमी हितंच?"

"माझी बदली झालीय बापू. पण मी गेले तर हे कुणी हातात घेईल की नाही, सांगता येत नाही."

बापू उठले, धोतर झटकलं, आणि घराकडे गेले. ती तिथेच बसून राहिली. आपण त्यांच्यावर उगाच ओझं टाकलं, असं तिला वाटत होतं.

आठवड्याच्या बाजारादिवशी बापू मोहोळच्या ऑफिसात आले. सोबत मुलगा, भीमा. बापूंनी संमतीपत्रावर सही केली, आणि खुर्चीत बसायला नको म्हणाले.

"लई इचार केला," ते उभ्यानेच म्हणाले. "ती तितं हुबी ऱ्हायची ती हौस म्हणून न्हाय. वाट नव्हती म्हणून. वाट आसती तर माज्या शेतात कशाला हुबी ऱ्हायली आसती? गेली आसती की आईकडं."

भीमा दुसरीकडे बघायला लागला.

धम्मप्रियाने बदली तेवढी लांबवून घेतली आणि पुढचे महिने मुंबईच्या फेऱ्या मारत राहिली. मंत्रालयात उंच पुलाच्या वाढीव खर्चाची शंका निघाली, तेव्हा महादेवप्पांनी स्वतः फोन करून समजावलं. मंजुरी आली ती दिवाळीनंतर. बंधाऱ्याचं पाणी उतरल्यावर काम सुरू झालं, आणि पायासाठी पहिले खड्डे घेतले जात असतानाच तिच्या जागेवर नवा माणूस आला. पूल उभा राहिलेला न पाहताच ती निघाली. शिवबाईंनी ओटी भरली. बापूंनी उसाची मोळी गाडीत ठेवली, "लेकीला द्या" म्हणाले.

गोंदियाच्या फलाटावर पायल वडिलांचा हात धरून उभी होती. धम्मप्रियाने हात पसरले. पायल लाजली, आणि पाहुण्यांना म्हणतात तसं म्हणाली, "तुम्ही दमलात का?"

सिद्धांत हसला आणि लगेच गप्प झाला. धम्मप्रियाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नाही गं," ती म्हणाली.

ज्या घराची इतकी ओढ होती, त्या घरात ती आता रोज होती. पायल शाळेतून आली की आधी आजीला हाक मारायची. गोष्ट आजीची, भूक लागली तरी आजी. धम्मप्रिया स्वयंपाकघरात उभी राहून दोघींचं बोलणं ऐकायची. स्वतःच्या घरात राहूनही दुरून बघितल्यासारखं वाटायचं. तिने घाई केली नाही. रोज शाळेत सोडायला जायला लागली. आधी पायल दोन पावलं पुढे चालायची, मग शेजारून.

वर्ष उलटल्यावर एका दुपारी भीमाच्या नंबरवरून फोन आला. बापू बोलत होते, आणि मागे पाण्याचा मोठा आवाज होता.

"मॅडम, नदी भरून चाललीया आन मी पल्याड हाय. चालत आलो."

"वच्छलाबाईंच्या घरी गेलात?"

"गेलो की. दाराला कुलूप हाय. तिचा भाऊ पोराकडं पुण्याला गेलाय. पन वट्यावर बसलो लई येळ." ते थांबले. "हितनं आमची पट्टी दिसतीया. आता तितं रस्ता हाय. तरी मला वाटलं, ती तितं हुबी हाय, आन हिकडं बघतीया."

फोन ठेवल्यावर ती खिडकीपाशी बसून राहिली. बाहेर ऊन होतं. तिचे डोळे भरून आले होते, आणि कशासाठी ते तिला नीट सांगता आलं नसतं.

पायल गृहपाठ सोडून जवळ आली. "कोण होतं?"

"तिकडचे एक आजोबा."

"तू तिकडे परत जाणार?"

"नाही."

पायलने तिच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग वही घेऊन आली आणि गृहपाठ पुरा करायला तिला टेकून बसली.