धर्मपालचा हात

ज्या पत्राला वर्षभर उत्तर दिलं नव्हतं, ते अच्युतरावांना आठवलं ते सुनेच्या हातातलं पातेलं धरताना. धरलं कसलं, हिसकावलंच त्यांनी. थोडं कढत पाणी त्यांच्याच पायावर सांडलं.

"बाबा! पोळलं ना?"

"गाडीच्या काचेवर गरम पाणी टाकू नकोस."

"अहो, पूर्ण काच दवानं भरली आहे. काही दिसत नाही समोरचं. उशीर होऊन राहिला मले."

"काल खडा लागला ना तिला?"

खडा लागला होता खरा. सिलतऱ्याच्या रस्त्यावर पुढच्या डंपरमधून उडालेली गिट्टी. काचेच्या डाव्या अंगाला मसुराएवढा टवका गेला होता.

"थंडीत काच आखडलेली असते," अच्युतराव खाली बघत म्हणाले. "गरम पाणी पडलं, की त्या टवक्यातून तडा निघतो आणि पार दुसऱ्या टोकाला जातो. हीटरही एकदम जोरात लावू नकोस. आणि डंपरच्या मागे चिकटून चालवू नकोस."

ऋता त्यांच्याकडे बघतच राहिली. कॉलेजच्या वाचनालयात पस्तीस वर्षं काढलेले तिचे सासरे घरातला बल्ब बदलतानाही दोनदा विचारून घेत.

"तुम्हाला काय माहीत? किताब में पढ़ा क्या?"

"हं. वाचलं होतं कुठेतरी."

त्यांनी साध्या पाण्यात फडकं भिजवून काच पुसली, कोरडी केली, आणि टवक्यात धूळ-पाणी जाऊ नये म्हणून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली. ऋता गेली. ते ओल्या फडक्यासह तिथेच उभे राहिले. वाचलं होतं म्हणे! पुन्हा एकदा सोपं तेच तोंडातून निघालं होतं.

मागच्या डिसेंबरात असाच टवका गेला होता आणि तो धर्मपालनं भरून दिला होता. धर्मपाल त्यांचा शाळेपासूनचा मित्र. गुढियारीत त्याचं गाड्यांच्या काचांचं दुकान. पातळ डिंकासारखं रसायन तो त्या टवक्यात असं भरी, की बोट फिरवून शोधावं लागे. आठवड्याभरानं, एका कडक थंडीच्या सकाळी, अच्युतरावांना वाटलं, मुलगा निघायच्या आत आपण गाडी पुसून ठेवावी. तेवढाच आपला उपयोग. आंघोळीला काढलेल्या पाण्याचे दोन तांबे त्यांनी काचेवर ओतले. टक् असा आवाज झाला आणि एक रेघ त्यांच्या डोळ्यांदेखत सरकत गेली.

त्यांनी तांब्या जागेवर ठेवला. सौमित्र बाहेर आला तेव्हा ते पेपर वाचत बसले होते.

"भराव उघडला वाटते," सौमित्र म्हणाला. "धर्मपालकाकांचा हात थरथरून राहिला आता."

अच्युतरावांनी पान उलटलं. बस, एवढंच केलं त्यांनी.

सौमित्र तसाच गुढियारीला गेला आणि दुकानात चार माणसांसमोर बोलला, "काका, हाथ नहीं जमता तो छोड़ दो ना ये काम." हे त्यानंच घरी येऊन सांगितलं, जरा जास्तच बोललो म्हणून. नवी काच दुसरीकडे बसवली.

मग पत्र आलं. 'अच्युत, फोनवर तू नुसता हं हं करतो, म्हणून लिहून राहिलो. माझा भराव थंडीत कधी उघडला नाही. काचेवर कोणी गरम पाणी टाकलं होतं काय? हो का नाही, एवढंच कळव. मले राग नाही. पण आता काम करताना मी काचेकडे कमी अन् हाताकडे जास्त पाहून राहिलो, म्हणून विचारतो.'

उत्तरं त्यांनी पुष्कळ लिहिली. एकात हवापाण्याच्या चौकशीतच पान संपलं, एकात जुन्या मैत्रीवरच दोन पानं झाली. तिसरं इतकं नेटकं उतरलं, की त्याचीच त्यांना लाज वाटली. 'हो' मात्र कशातच नव्हतं. पुढे ते स्टेशनकडे जायचं झालं तरी गुढियारीचा रस्ता टाळू लागले.

संध्याकाळी ऋता परतली. पट्टी तशीच होती.

"भरून नाही आणला?"

"गेली होती ना धर्मपालकाकांकडे. ते काम बंद केलं त्यांनी. सीट कव्हर विकतात आता. म्हणाले, बेटी, मेरा हाथ अब भरोसे का नहीं रहा. दुसरं दुकान सांगितलं." तिनं पर्स खुंटीला अडकवली. "हात तर चांगला दिसला मले. काठोकाठ चहा घेऊन आले माझ्यासाठी. एक थेंब नाही सांडला."

अच्युतराव उठून टेबलाशी गेले. लिफाफा काढला, त्यावर धर्मपालच्या घरचा पत्ता घातला. मग लिफाफा बाजूला सारून त्यांनी खणातलं पोस्टकार्ड घेतलं. त्यावर दुकानाचा पत्ता लिहिला. मागे लिहिलं,

'हो. पाणी मीच टाकलं. तुझ्या भरावाचा दोष नव्हता. सौमित्रला आज सांगतो आहे. अच्युत.'

ते पायांत चपला सरकवत असताना ऋतानं कार्ड पाहिलं, वाचलं.

"बाबा, लिफाफ्यात तरी टाका. दुकानात कोणीही उचलून वाचेल."

"हव, वाचू दे ना," अच्युतराव म्हणाले.

नाक्यावरच्या पेटीत त्यांनी कार्ड टाकलं, आणि सौमित्रच्या येण्याच्या वाटेकडे तोंड करून तिथेच उभे राहिले.