तीन नंबरचा खिसा

मित्रांनो, मी एक जुना एप्रन आहे. रंग पांढरा, नंबर तीन. आता नंबराची शाई पुसट झाली आहे, नाड्या विरल्या आहेत. पण एके काळी कडक इस्त्रीत मी असा काही दिसायचो की विचारू नका! जपानच्या उत्तर किनाऱ्यावर कोळ्यांचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या शाळेत माझं सारं आयुष्य गेलं.

आमच्या शाळेत जेवण मुलंच वाढतात. पाळी आली की डोक्याला टोपी, अंगात आम्ही, आणि स्वयंपाकघरातून गरम पातेली वर्गात आणायची. भाजलेला मासा, मुळा-गाजराचं वाफाळतं सूप, दूध, कधी भात तर कधी पाव. सरसुद्धा मुलांतच बसतात. सगळे हात जोडतात, आणि मगच पहिला घास. शुक्रवारी ज्याच्या अंगावर मी असेन त्याने मला घरी न्यायचं, धुऊन इस्त्री करायची आणि सोमवारी परत आणायचं. कुठे आजी चष्मा लावून माझे डाग शोधायची, तर कुठे मी दोन दिवस दप्तरातच कुजायचो!

चौथीच्या वर्गात मुलं अवघी दहा. मी एक आठवडा मिनोरीचा, तर एक आठवडा गेन्ताचा. गेन्ता म्हणजे पक्का खादाड. उरलेल्या दुधासाठी भांडायला सगळ्यांत पुढे. मिनोरी अबोल. तिची आई मासे साफ करायच्या कारखान्यात, सुट्टीच्या दिवशीही कामावर. ती पहाटे करून ठेवायची ते दुपारपर्यंत संपायचं. घरात मिनोरी आणि तीन वर्षांचा भाऊ तोमो.

शुक्रवारी पाव असे. मिनोरी तो खायची नाही. कोणाचं लक्ष नाही असं बघून हळूच माझ्या खिशात सरकवायची. घरी पाऊल टाकताच तोमो मला मिठी मारायचा. "ताई, आणलंस?" अर्धा पाव शनिवारी, अर्धा रविवारी. त्या पोराचा चेहरा पाहून, ज्या हातांनी मला शिवलं त्यांचे आभार मानावेसे वाटायचे. खिसा दिला नसता तर?

पण उरलेलं अन्न घरी न्यायचं नाही, असा शाळेचा नियम. शिळं खाऊन पोट बिघडेल म्हणून. नियम काही वाईट नव्हता हो.

एकदा मिनोरीच्या आईला ताप आला आणि मला धुवायचं राहून गेलं. सोमवारी गेन्ताने मला घातलं, खिशात हात घातला आणि ओरडला, "ई! धुतलाच नाही! आणि खिशात पावाचा चुरा!"

ओगाता सर जवळ आले. "कोणी ठेवला होता पाव?"

मिनोरीने मान खाली घातली. कान लालबुंद. गेन्ताने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा आवाजच बदलला. "मीच, सर. मागच्या पाळीला. खायचा विसरलो."

"तू? आणि खायचं विसरलास?" सर म्हणाले. सगळा वर्ग खो खो हसला. गेन्ताही हसला, पण ओशाळून.

सरांनी मला स्वयंपाकघरात फुमिए मावशींकडे पाठवलं. "मावशी, हा खिसा बंद करून टाका."

मी मनात म्हटलं, संपलं. आता तोमोला काय?

मावशी सुईदोरा घेऊन बसल्या. त्यांनी खिसा उलटा केला, चुरा तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या. सोमवारी तीन-तीन वाट्या सूप मागणारी आणि शुक्रवारी पावाला तोंड न लावणारी मुलगी त्यांना काय ठाऊक नव्हती? मग त्यांनी खिशाची शिवण टराटरा उसवली.

दुसऱ्या दिवशी सर चक्रावले. "मावशी, मी खिसा बंद करायला सांगितलं होतं. हा तर दुप्पट झालाय!"

"केलाय की बंद! बटण लावलंय ना," मावशी म्हणाल्या आणि शांतपणे मुळे चिरू लागल्या.

सरांनी बटण लावून पाहिलं, काढून पाहिलं. मग वर्गात येऊन कोणाकडेही न बघता म्हणाले, "खिशात काही ठेवायचंच असेल तर स्वच्छ कागदात गुंडाळून ठेवा."

त्या शुक्रवारी पाळी गेन्ताची होती. सुटल्यावर त्याने माझी घडी मिनोरीच्या हातात कोंबली. "मला इस्त्री जमत नाही. दर वेळी तूच ने. आणि बटण घरी जाऊन काढ!"

खिशात कागदात गुंडाळलेला त्याचा पाव होता. मिनोरीने आपलाही शेजारी ठेवला. दोन्ही अगदी नेमके मावले. मावशींनी माप दोन पावांचंच घेतलं होतं.

मित्रांनो, पोटभर आणि पौष्टिक घास काय असतो, ते मी माझ्या खिशात वाहिलं आहे. तुमच्या ताटात जे पडेल ते टाकू नका, आणि शेजारच्याच्या ताटाकडे, चेष्टेने नव्हे, मायेने एकदा बघत जा.

यंदा तोमो पहिलीत आला. परवा पहिल्यांदा त्याने मला घातलं. लांब झालो, पायात आलो. सूप वाढण्याआधी त्याने सवयीने खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. तो खुदकन हसला, पळी उचलली आणि म्हणाला, "चला, वाट्या पुढे करा! सगळ्यांना पुरेल."