तुमिराह आजीचे आकडे

तुमिराह आजीचा ताण कागदावर पंधरा महिने शून्य होता आणि रक्तदाब एकशे ऐंशी. ताणाने तब्येत किती बिघडते हे मोजायला सुकेसी इंडोनेशियातल्या जोगजा शहराच्या विद्यापीठातून दर तीन महिन्यांनी गुनुंगकिदुलच्या टेकड्यांत यायची, आणि या शून्याचा तिला भारी राग यायचा. म्हातारीचा मुलगा मलेशियात जाऊन बेपत्ता झालेला. तरी ‘गेल्या महिन्यात किती वेळा एकटं वाटलं?’ असं विचारलं की ती हसून म्हणायची, “छे, एकटं कसलं!” दारी आलेल्या पाहुण्याच्या गळ्यात आपलं दुःख बांधायचं नाही, ही तिथली रीत. मेली ती रीत!

“ही बाई सगळं गणित बिघडवते,” सुकेसीचे साहेब हार्गो म्हणाले. “या खेपेलाही जुळलं नाही तर नाव काढून टाक. भेटी बंद.”

भेटी बंद म्हणजे त्या घरात पाऊल टाकणारं कुणी उरणार नव्हतं.

सुकेसीने या खेपेला प्रश्नांचा कागद पिशवीतच ठेवला. गोड चहा घेता घेता ती स्वतःबद्दलच बोलू लागली. नवरा सोडून गेला, भाड्याच्या खोलीत दिवसचे दिवस कुणाशी बोलणं होत नाही. बोलता बोलता तिला रडू फुटलं, आणि ते काही नाटक नव्हतं.

“अगं बाई!” म्हातारी जवळ सरकली. “आणि इतके दिवस मलाच खोदून विचारत होतीस होय? लबाड!”

मग तीही बोलली. मुलाचा सदरा दर शुक्रवारी धुते, म्हणाली. तासभर दोघींनी रडून घेतलं, उकडलेला कसाव्याचा कंद खाल्ला.

“आता लिही तुझे आकडे. सगळीकडे चार,” म्हातारी म्हणाली. चार म्हणजे सर्वांत जास्त.

सुकेसीने हरखून तिच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे चाळीस. पुन्हा बांधला, तरी तेवढाच. मन मोकळं झालं तसा दाबही उतरला होता. ताण कबूल केला त्याच दिवशी दाब सगळ्यांत कमी! हे जुळणार कसं?

तिने कागदावर एकशे ऐंशी लिहिलं.

“वा, आता कसं चोख जुळलं!” हार्गो खूश झाले. आजीचं नाव यादीत राहिलं.

सुकेसी खोलीवर आली. नुसत्या बोलण्याने एका बाईचा दाब चाळीसने उतरला होता. इतक्या वर्षांत तिने मोजलेली ही सगळ्यांत मोठी गोष्ट सांगायला तिला जगात एकच माणूस होतं, आणि ते तीन महिन्यांनी भेटणार होतं.