चार सुरगाठी

डॉक्टरांनी कानाच्या पाळीवरचा तो काळा डाग कापून काढला, तपासायला पाठवला, आणि पंधरा दिवसांनी आलेला कागद वाचून ते एवढंच म्हणाले, "या वेळी निभावलं."

"टोपी घालत जाईन," नवरा म्हणाला.

"टोपी वाऱ्यानं उडते आणि तुम्ही ती पुन्हा घालत नाही. तुमची भाजलेली मानच सांगतेय. एक तर होडीवर छप्पर घ्या, नाहीतर मासेमारी सोडा."

बाहेर आल्यावर तो हसत सुटला. "होडीला छप्पर! मग दार लावू, उंबरा घालू. तू बाहेर नावाची पाटी लाव."

ती हसली नाही. तिच्या कानात 'या वेळी' हे दोनच शब्द घुमत होते. घरी पोचेपर्यंत घुमत राहिले, चुलीपाशी घुमले, मशीनवर बसली तर मशीनच्या पायडलमधून घुमले.

बाजारातल्या दुकानांपुढे कापडी पडव्या असतात ना, त्या शिवायचं तिचं काम होतं. मेण लावलेलं दुपदरी सूत, जाड सुई आणि अंगठ्याला चामड्याची टोपी. गावभर तिचे टाके उन्हात तापत होते, पावसात भिजत होते, पण बावीस वर्षांत एक उसवला नव्हता. कापड विरलं तरी शिवण उभी राहायची. आणि नवरा? त्याच्या सदऱ्याचं बटण लोंबकळतं, पिशवीचं तोंड उघडं, दाराची कडी अर्धी. तो सोडत जायचा, ती मागून बांधत जायची. "बाई गं, दादाला एकदा खुंटीलाच बांधून टाक, तुझी दगदग तरी वाचेल," नणंद म्हणायची, आणि नवरा-बायको दोघंही हसायची. संसार असाच चालला होता, त्याच्या सैलपणावर आणि तिच्या आवळण्यावर.

छपराचं कापड घ्यायला ती होड्या बांधणाऱ्या सुतारकाकांना घेऊन गेली. काका तिच्या सासऱ्यांचे दोस्त. सासरे गेल्यापासून घरातलं वडीलपण त्यांच्याकडेच आलं होतं. दुकानदारानं पुढ्यात गठ्ठे टाकले. काकांनी हिरवी जाळी उचलली, तोंडापाशी धरली आणि फुंकर मारली. पलीकडचा कागद हलला.

"ही घे, सूनबाई. वारा आरपार जातो."

"ऊनही आरपार जातं, काका."

"अर्धं अडतं की."

"मला काय अर्धा कान वाचवायचाय?"

दुकानदार खो खो हसला. काका हसले नाहीत. तिनं पांढरं जाड कॅनव्हास काढलं, उजेडासमोर धरलं. उजेड पलीकडेच राहिला. तळहात मागे धरला, दिसला नाही. मग तिचा जीव जरासा थाऱ्यावर आला.

"होडी हलकी आहे, एवढं ध्यानात ठेव," काका म्हणाले.

"आणि मी हलकं काम करत नाही, एवढं तुम्ही ठेवा."

"बरं बाई. शिव तू. चढवायचं आणि बांधायचं आमच्यावर सोड."

तीन दिवस ती त्या कापडावर वाकून होती. कडेला दुहेरी पट्टी, चार कोपऱ्यांना चार पितळी कड्या, कड्यांभोवती चामडं. एकेका टाक्यासरशी ती मनातल्या मनात म्हणायची: हा कानासाठी, हा मानेसाठी, हा नाकाच्या शेंड्यासाठी, हा पुढच्या वर्षासाठी, हा त्याच्या पुढच्या. असं कापड भरत गेलं.

काकांनी होडीच्या दोन्ही काठांवर मिळून चार लोखंडी पाइप बसवले. ज्या दिवशी काकांनी आणि नवऱ्यानं कापड चढवलं, त्या दिवशी ती बाजारात एका दुकानाची पडवी लावत होती. संध्याकाळी परतताना वाट वाकडी करून ती धक्क्यावर गेली. होडी एकटीच डुलत होती. वर पांढरं छप्पर, नव्या नवरीच्या डोक्यावरच्या पदरासारखं. तिचा ऊर भरून आला. ती होडीत उतरली, छपराखाली बसून पाहिलं. मावळतीचं लाल ऊन पाण्यावर होतं, तिच्या अंगावर नव्हतं.

मग तिची नजर कोपऱ्याकडे गेली.

दोरी पाइपाभोवती दोनदा फिरवून नुसती अडकवली होती, नि एक लांब टोक लोंबत होतं. तिनं सहज ओढलं. सर्रकन गाठ सुटली, कोपरा फडफडत तिच्या तोंडावर आला. दुसरा कोपरा पाहिला, तसाच. चारही तसेच.

"धन्य आहे!" ती स्वतःशीच म्हणाली. "डोक्यावरचं छप्परसुद्धा या माणसाला बांधता येऊ नये!"

राग आला, पण त्या रागात माया जास्त होती. तिनं पिशवीतून सूत काढलं. चारही कोपऱ्यांना निरगाठी मारल्या, त्यांवर पाणी शिंपडून दोरी आवळली, म्हणजे वाळली की दगड व्हावी. मग कडीतून पाइपाभोवती मेणाच्या सुताचे आठ आठ वेढे घेतले आणि वर कापडाची टोपी शिवून टाकली, गाठ कुजायला नको म्हणून. सुताचं टोक नेहमीसारखं आतल्या बाजूला, कुणाला न दिसेल असं दडवलं. नवऱ्याला काही बोलली नाही. दुखणं नुकतंच झालेलं, त्यात आणखी टोचून कशाला बोला?

दुसऱ्या दिवशी तो उजाडायच्या आत निघून गेला. "आज सावलीतला राजा मी," जाताना म्हणाला, आणि दाराची कडी अर्धी लावून गेला.

दुपारी कमालीचं उकडत होतं. झाडाचं पान हलेना. पक्षी पाण्यावरून उठून धक्क्याच्या भिंतीवर येऊन बसले होते, सगळे एकाच दिशेला तोंड करून, गप्प. टेकड्यांवर एक पिवळट पट्टा उमटला होता. तिनं तो पाहिला आणि बरं वाटलं तिला. असल्या उन्हात तो सावलीत आहे, यापरतं काय हवं? काकांसाठी डबा भरून ती त्यांच्या कारखान्यात गेली.

काका एका फळीवर रंधा मारत होते. "काय म्हणतंय छप्पर?" त्यांनी विचारलं.

"झकास बसलंय. तुमच्या गाठी तेवढ्या कच्च्या होत्या, त्या मी पक्क्या केल्या," ती हसत म्हणाली.

रंधा थांबला.

"कोणत्या गाठी?"

"चारही. टोकं कशी लोंबत होती! एक ओढली तर हातात आली."

"ओढली की हातात यावी म्हणूनच त्या सुरगाठी होत्या, सूनबाई." काकांचा आवाज अगदी खाली आला. "तू काय केलंस?"

"निरगाठी मारल्या. पाणी लावून. वर सूत गुंडाळलं."

"किती?"

"आठ आठ वेढे."

काकांनी रंधा बाजूला ठेवला. बाजूनं वारा शिरला की कापड फुगतं, ते सांगत होते, होडी कलते, मग वाऱ्याकडच्या काठावरची दोन टोकं ओढायची, कापड निशाणासारखं पलीकडे उडतं आणि होडी सरळ होते. सगळा खेळ त्या दोन ओढींचा. "तसं नाही झालं तर ते छप्पर नसतं गं. ते शीड असतं. आणि शीडसुद्धा सोडता येतं."

"त्यांच्याकडे चाकू असतो," ती कशीबशी म्हणाली.

काका जमिनीकडे बघत होते. तिथे पडलेला लाकडाचा एक गोल गोल छिलका, कुणी हात न लावता, हळूच उठला आणि फरशीवरून घरंगळत भिंतीपर्यंत गेला. मग दुसरा. मग दारातून धुळीचा वास आत आला.

दोघं धावत सुटली.

काकांची मोटारीची होडी तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. त्यांनी तिला धक्क्यावरच थांबायला सांगितलं, पण ती आधीच आत चढली होती. "टोकं कुठे दडवलीत ते मला माहीत आहे, तुम्हाला नाही," ती म्हणाली. हातात पिशवीतली कात्री होती. पिवळा पट्टा आता टेकड्या उतरून पाण्याच्या काठाशी आला होता, आणि त्याच्या पुढे पुढे पाणी काळं पडत चाललं होतं.

ती डोळे मिटून बसली आणि मनातल्या मनात पुन्हा शिवायला लागली. पहिला कोपरा, पहिला टाका. ओढला होता का नीट? होता. दुसरा? तोही. कुठे सूत कमी पडलं होतं? कुठे लक्ष उडालं होतं, कुणी हाक मारली होती, डोळ्यांपुढे अंधारी आली होती? बावीस वर्षांत प्रथमच ती आपल्या हातांत खोट शोधत होती. देवा, एक टाका सैल निघू दे. एकच. माझं नाव जाऊ दे, माझं काम बुडू दे, बाजार मला हसू दे, पण एक टाका सैल निघू दे. टाके एकामागून एक तिच्यापुढे येत गेले, सरळ, सारखे, घट्ट. एकही दयाळू निघाला नाही.

"तो बघ!" काका ओरडले.

पांढरं छप्पर आधी दिसलं. फुगून, ताठ होऊन, आभाळाकडे पोट करून उभं. त्याखाली होडी अर्धी आडवी, एक काठ पाण्याला टेकलेला. दुसऱ्या, उचललेल्या काठावर तो बसला होता. बसला कसला, लटकला होता. पाय आत अडकवून, पाठ पाण्यावर झोकून, अंगाचं सगळं वजन बाहेर टाकून. तेवढ्या वजनावर होडी तोलली होती. वल्हं गेलं होतं. चाकू खालच्या बाजूला, पाणी शिरलं होतं तिथे कुठेतरी. उतरून तो घ्यावा, तर होडी उलटली असती. आणि कापडाखाली अडकलेला माणूस वर येत नाही.

"अहो!" ती ओरडली.

त्यानं मान वळवली. "सुटत नाहीये गं!" तो ओरडला. "मी सुरगाठ मारली होती! कुणी मेल्यानं आवळलीय!"

काकांनी वाऱ्याकडून होडी आणली, काठाला काठ घासला, आणि तिनं पाय टाकला. तिचं वजन त्याच काठावर पडलं, तशी होडी वीतभर सरळ झाली. ती पुढच्या पाइपाला बिलगली. कापडाच्या टोपीत बोट घातलं, दडवलेलं टोक सापडलं. कात्री चालेना, सूत मेणानं निसटत होतं. एक वेढा. दोन. वाऱ्याचा नवा झोत आला, पाण्याला टेकलेला काठ बुडला आणि हिरवं पाणी आत घुसलं. तीन. चार. ती रडत नव्हती, शिव्या देत होती, स्वतःच्या हातांना. सातवा वेढा तुटला, आठवा आपणहून गेला. पण खाली निरगाठ होती. दगड झालेली. तिनं दोरी सोडून कापडालाच कात्री लावली, आपल्या दुहेरी पट्टीला, आपल्या पितळी कडीच्या मुळाशी. कर्र.

कोपरा सुटला. मागचा कोपरा एकटा तो भार पेलेना, पाइप मुळातून वाकला, मोडला, आणि सगळं कापड फडाड करून पलीकडे उडालं. होडी धाडकन सरळ झाली. तो आत आपटला, ती त्याच्यावर.

वारा आणखी पाव घटका ओरडला आणि गेला. पाऊस आलाच नाही. धूळ खाली बसली, आणि मागून, काही झालंच नाही अशा थाटात, ऊन आलं.

काकांनी दोर टाकून होडी मागे बांधून घेतली. तो डब्यानं पाणी उपसत होता. खूप वेळानं त्यानं डबा थांबवला.

"तूच ना?"

तिनं मान डोलावली.

"तरीच," तो म्हणाला. "मी म्हटलं, असलं घट्ट गावात दुसरं कोण बांधणार." त्यानं हसायचा प्रयत्न केला. हसू अर्धंच राहिलं. "सांगायचंस तरी, बाई."

"तुम्ही तरी सांगायचंत."

धक्का अजून तासभर लांब होता. त्याची टोपी गेली होती. कापलेल्या कानाची नवी, पातळ, गुलाबी कातडी उघडी पडली होती आणि खाऱ्या पाण्यानं चकाकत होती. छपराचं कापड पाण्याखाली ओढत येत होतं, कुणाला ते वर घ्यायचा धीर होत नव्हता.

"त्याला सावलीत बसव गं!" पुढच्या होडीतून काका ओरडले, आणि मग त्यांची नजर पाण्यात ओढत येणाऱ्या कापडावर गेली.

ती उठली. डुलणाऱ्या होडीत पाय फाकवून, मोडक्या पाइपाचा खुंट धरून, सूर्याच्या वाटेत उभी राहिली. तिची सावली आखूड होती, त्याच्या कानापर्यंत जेमतेम पोचत होती. होडी वळायची आणि सावली सरकायची. मग तीही सरकायची.