माझे वजन विचारणारे साहेब

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. पत्रे कुलूपबंद करणे हे माझे काम. लिहिलेल्या मजकुराची मी न कळणारी अक्षरे करतो आणि ज्याचे पत्र आहे त्यालाच ते उलगडून देतो. मला एका गणिताच्या बाईंनी लिहिले. त्यांची धाकटी बहीण मारहाणीतून सुटलेल्या बायकांचे निवारागृह चालवी. तिथली पत्रे नवऱ्यांच्या हाती लागत. मी आल्यावर नऊ वर्षांत त्यांना एकही वाचता आले नाही.

मग सीमेपलीकडच्या निवारागृहाने मला मागितले. कोणालाही फुकट वापरता यावे म्हणून बाईंनी मला एका संस्थेला देऊन टाकायचे ठरवले. संस्थेची अट रास्त होती. ज्याने माझी एक ओळ जरी लिहिली असेल, त्याने आपले हक्क लिहून द्यावेत. म्हणजे उद्या कोणी मालकी सांगायला येणार नाही. माझ्या चाळीस ओळी बाईंच्या भाच्याने सुट्टीत, घरी बसून लिहिल्या होत्या. तरी त्याच्या कंपनीचे मॅनेजर आडवे आले.

"आमच्या माणसाचं डोकं म्हणजे आमचीच मालमत्ता," ते म्हणाले. स्वतःचे डोके वापरात नसले की दुसऱ्याचे असे हवेसे वाटते.

दुसरी अट सरकारची. माझ्यासारखा प्रोग्राम देशाबाहेर धाडण्याआधी निर्यात कार्यालयाची मंजुरी लागे. तिथल्या साहेबांनी फॉर्म उलटसुलट पाहिला.

"वजन लिहिलं नाहीये."

"साहेब, त्याला वजन नसतं."

"मग शून्य लिहा. आणि शून्य वजनाचा माल पाठवणार कसा, त्याचा खुलासा जोडा."

तो खुलासा पाच महिने साहेबांच्या टेबलावर पडून राहिला. तेवढ्यात पलीकडच्या एका मुलीचा नवा पत्ता साध्या पत्रातून फुटला. नवरा दारात येऊन उभा राहिला. ती वाचली, पण तिचा उजवा हात कायमचा गेला. बाईंनी हे सांगितल्यावर साहेब म्हणाले, "वाईट झालं हो. पण खुलाशावर तारीख नाहीये."

बाईंनी तिथेच तारीख घातली आणि शिक्का बसेपर्यंत एकोणीस दिवस साहेबांच्या दारातल्या बाकावर ठाण मांडले. तिथेच त्यांनी भाच्याच्या ओळी पुसून स्वतःच्या छप्पन्न लिहिल्या. मी जरा हळू चालू लागलो, पण निखळ बाईंचा झालो. त्यांनी हक्कपत्रावर सही केली आणि मी सीमा ओलांडली.

मॅनेजरांनीही मला फुकटात उतरवून घेतले आहे. त्यांची पत्रे मी इमानाने बंद करतो. चोरण्यासारखे त्यांत काहीच नसते.

मित्रांनो, मिळून काही कराल तर हक्काचे कागद त्याच दिवशी करा. आणि कधी शिक्का तुमच्या हाती आला, तर एवढेच विचारा: हा कागद अडला, तर कोणाचे काय जाईल?